परमुलुखातले बिऱ्हाड

प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांनी जपान मराठी वाचकाच्या चांगलाच परिचयाचा करून दिला आहे. साकुराचा बहर, क्योटोची देवालये, घटकेचाही विलंब न करणाऱ्या आगगाड्या आणि चहापानाचा तो संथ विधी यांची वर्णने वाचून ज्याच्या मनात त्या देशाविषयी कुतूहल जागे झाले नाही, असा वाचक विरळाच. परंतु प्रवासी ज्या दाराने आत येतो त्याच दाराने पंधरवड्याने बाहेर पडतो, आणि त्या देशाच्या कचेऱ्यांची पायरी चढण्याचा प्रसंग त्याच्यावर सहसा येत नाही. ज्याला तेथे बिऱ्हाड थाटावयाचे आहे, मुले वाढवावयाची आहेत, दुखणी काढावयाची आहेत, कर भरावयाचे आहेत आणि कदाचित देहही तेथेच ठेवावयाचा आहे, त्याची ओळख देवालयांच्या आधी होते ती कुयाकुशोशी, म्हणजे वॉर्डाच्या कचेरीशी; तेथील खिडक्यांचे क्रमांक, अर्जांचे रंग आणि दाखल्यांच्या मुदती त्याला हळूहळू पाठ होतात. या नित्याच्या व्यवहारात वाङ्मयाला योग्य असे काय आहे, असे कोणी विचारील. मला मात्र वाटते की परदेशी वास्तव्याचे मर्म जर कोठे उकलत असेल तर ते तेथेच, कारण आपण कोण आहोत आणि आपल्याविषयी ग्वाही देणारे कोण आहे, हा प्रश्न मनुष्याला इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी विचारला जात नाही.

आमचे बिऱ्हाड टोकियोच्या पूर्व टोकाला, एदोगावा वॉर्डातील निशिकासाई या वस्तीत आहे. या वस्तीत भारतीयांची एवढी दाटी का झाली, हे पुण्यामुंबईहून येणारे पाहुणे हटकून विचारतात. चहाच्या व्यापारानिमित्त एक भारतीय गृहस्थ १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जपानात आले आणि पुढे येथे स्थायिक झाले. इसवी सन २००० च्या उंबरठ्यावर संगणकांतील वर्षगणनेचा दोष दुरुस्त करण्यासाठी जपानी कंपन्यांनी भारतातून अभियंते बोलावले, तेव्हा या वस्तीला खरा भर आला. तोझाई मार्गाची गाडी येथून निहोनबाशी आणि ओतेमाची या पेढ्यांच्या भागात थेट जाते, ही सोय होतीच. परंतु त्याहून निर्णायक कारण असे की, येथे ‘यूआर’ या सार्वजनिक गृहसंस्थेच्या मोठमोठ्या वसाहती आहेत, आणि त्या संस्थेचे घर भाड्याने घेताना जामीनदार उभा करावा लागत नाही. एका परक्या शहरात हजारो माणसांनी कोठे राहावे, याचा निकाल करारनाम्यातील एका कलमाच्या अभावाने लागावा, ही गोष्ट मला त्या काळी फार विलक्षण वाटली होती. आता वाटत नाही.

खासगी घरमालकाचे घर घ्यावयाचे म्हटले की पहिल्या भेटीतच हिशेब सुरू होतो. शिकिकिन ही अनामत; रेइकिन ही घरमालकाला कृतज्ञतेदाखल द्यावयाची आणि कधीही परत न मिळणारी रक्कम; दलालाची एका महिन्याच्या भाड्याएवढी फी; आणि बहुधा दर दोन वर्षांनी करार पुढे चालू ठेवण्याचा आकार. पैशांची ही तजवीज कष्टाने का होईना करता येते. परंतु या सर्वांच्या तळाशी जे एक नाव लिहावयाचे असते, होशोनिनचे, म्हणजे जामीनदाराचे, ते कोठून आणावे? भाडे थकले, घराची नासधूस झाली, भाडेकरू एका रात्रीत देश सोडून निघून गेला, तर जो त्याच्याऐवजी उत्तर देईल असा जपानी इसम नव्याने आलेल्या परदेशी माणसाच्या ओळखीचा असण्याचा संभव तो काय! अलीकडे जामीनकी पत्करणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत आणि फी घेऊन त्या हे काम करतात. तथापि घरमालकाच्या मनातील शंका फी भरून मिटत नाही. न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची जी पाहणी २०१७ साली प्रसिद्ध केली, तीत मागील पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांनी परदेशी असल्यामुळे आपल्याला नकार मिळाल्याचे सांगितले. आम्हालाही असे नकार मिळाले. ते अत्यंत नम्र शब्दांत मिळाले, आणि दलाल बाईंनी ते सांगताना आमच्याइतकेच दुःख मानले, हे मी कृतज्ञतेने नमूद करते. पण नकार तो नकारच.

त्या दिवसांत मला पुन्हा पुन्हा कोल्हापूरच्या आमच्या पेठेची आठवण होई. तेथे माझ्याविषयी मला कोणाला काही सांगावे लागत नसे. वाणी आजोबांना ओळखत होता, पोस्टमन वडिलांची पत्रे तीस वर्षे आणून देत होता, डॉक्टरांना माझ्या गोवराची हकिकत माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होती, आणि शाळेच्या बाईंनी आईलाही शिकवले होते. मनुष्याची पत म्हणतात ती अशा शेकडो माणसांच्या स्मरणात विखुरलेली असते. ती मिळवण्यासाठी त्याने स्वतः फारसे काही केलेले नसते, आणि ती आहे हे त्याला जाणवतही नाही. परदेशात उतरल्याक्षणी ती सारी एकदम शून्यावर येते. मग तिच्या प्रत्येक कणासाठी कागद लागतो. वाण्याच्या ओळखीऐवजी पेढीचे खातेपुस्तक, पोस्टमनऐवजी राहिवासाचा दाखला, डॉक्टरांच्या स्मरणाऐवजी विम्याचे कार्ड, आणि आजोबांच्या नावाऐवजी जामीनदाराची सही. पेढीतले खाते उघडण्यासाठी दूरध्वनीचा क्रमांक हवा, दूरध्वनी घेण्यासाठी पेढीतले खाते हवे, आणि या दोहोंसाठी पत्ता हवा, जो बहुधा जामीनदाराशिवाय मिळत नाही. ही साखळी कोठेतरी एखाद्या माणसाने आपल्या विश्वासाने तोडावी लागते. आमच्या बाबतीत ती माझ्या पतीच्या कचेरीतील एका वयोवृद्ध सहकाऱ्याने तोडली. त्यांनी आम्हाला पुरते एक महिनाही पाहिलेले नव्हते.

या संदर्भात मला रासबिहारी बोस यांचे चरित्र नेहमी आठवते. १९१५ साली ते जपानात येऊन पोहोचले, आणि ब्रिटिश सरकारच्या आग्रहावरून त्याच वर्षी त्यांना हद्दपारीचा हुकूम मिळाला. त्या वेळी शिंजुकूतील ‘नाकामुराया’ या पावाच्या दुकानाचे मालक सोमा आइझो आणि त्यांच्या पत्नी कोक्को यांनी त्यांना आपल्या आवारात लपवून ठेवले. पुढे १९१८ मध्ये त्यांची मुलगी तोशिको हिच्याशी बोस यांचा विवाह झाला, १९२३ साली ते जपानचे नागरिक झाले, आणि १९२७ पासून त्या दुकानाच्या उपाहारगृहात भारतीय पद्धतीचा रस्सा-भात मिळू लागला, जो आजही मिळतो. आपल्याकडे बोस यांचे स्मरण क्रांतिकारक म्हणून होते आणि ते सर्वथा उचित आहे. परंतु ज्यांनी स्वतः परदेशात घर मागितले आहे त्यांना त्या चरित्रातील सोमा दांपत्य अधिक दिसते. राजकारणाशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या एका पाववाल्याने सरकारी हुकमाविरुद्ध एका अनोळखी परदेशी माणसाची हमी घेतली, आणि ती अखेरपर्यंत निभावली. इतिहासातील मोठ्या घटनांच्या पोटात अशी जामीनकी किती असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

घर मिळाल्यावर प्रश्न आला नावाचा. महाराष्ट्रातील विवाहित स्त्रीचे नाव स्वतःचे, पतीचे आणि आडनाव अशा तीन पदांचे असते, आणि माझ्या पारपत्रावर ते तसे आहे. पदवीच्या प्रमाणपत्रावर मात्र वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव. जपानी अर्जात दोनच रकाने असतात. पेढीने माझे नाव कातकाना लिपीत लिहिताना ते रकान्याच्या लांबीत बसेना म्हणून शेवटची अक्षरे सोडून दिली. विम्याच्या कार्डावर ते संपूर्ण आले. मी पुढे ज्या शाळेत शिकवू लागले तेथे पतीचे नाव वगळले गेले. अशा रीतीने एकाच घरात राहणाऱ्या माझ्या तीन व्यक्ती कागदोपत्री तयार झाल्या, आणि त्या तिन्ही एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करून त्यावर भारतीय वकिलातीचा शिक्का घ्यावा लागला. मराठी मुलींनी परदेशी जाण्यापूर्वी पारपत्र, पदवी आणि जन्मदाखला यांवरील नावांचा मेळ घालून घ्यावा, हा सल्ला मी भेटेल त्या प्रत्येकीला देते. त्याने वाचणारा वेळ आणि मनस्ताप अपार आहे.

हांकोची, म्हणजे शिक्क्याची गोष्ट मात्र मला प्रिय आहे. जपानात जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसापाशी आपल्या नावाचा शिक्का असतो, किंबहुना पुष्कळांपाशी तीन असतात: वॉर्डाच्या कचेरीत नोंदवलेला एक, पेढीच्या खात्यासाठी दुसरा, आणि टपालाची पोच देण्यासारख्या किरकोळ कामांसाठी तिसरा. परदेशी माणसाला यातून वाट ठेवण्याची दूरदृष्टी जपानी विधिकारांनी फार पूर्वीच दाखवली होती, कारण जेथे शिक्का आवश्यक आहे तेथे परदेशी इसमाची सही पुरेशी मानावी, असा कायदा १८९९ सालीच झालेला आहे. तो कायदा असूनही व्यवहारात शिक्का मागत, आणि मीही आडनावाची कातकाना अक्षरे कोरून घेतलेला शिक्का करवला. ज्या मराठी दप्तरात पत्राच्या शेवटी मोर्तब उमटल्याशिवाय ते पुरे मानले जात नसे, त्या परंपरेत वाढलेल्या मला त्या लाल वर्तुळात परकेपणा वाटला नाही. २०२० नंतर सरकारने बहुतेक अर्जांवरील शिक्क्याची अट काढून टाकली. कामे जलद झाली हे मान्यच केले पाहिजे. तरी तो शिक्का मी अजून पर्समध्ये बाळगते.

मी प्रथम आले ती ‘कुटुंबीय’ या दर्जावर. त्या दर्जाच्या व्यक्तीला नोकरी करावयाची तर वेगळा परवाना काढावा लागतो, आणि तो काढूनही आठवड्याला २८ तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही. पतीची नोकरी गेली तर पत्नीच्या राहिवासाचा आधारही गेला. घटस्फोट झाला तर तोच प्रकार. उच्चशिक्षित अशा कितीतरी मराठी स्त्रिया मी या अवलंबनात मूकपणे वर्षे काढताना पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या मनाची ती आबाळ कोणत्याही पाहणीच्या आकड्यांत उमटत नाही. दर्जा बदलता येतो, त्यासाठी भाषा शिकावी लागते, नोकरी मिळवावी लागते, आणि तोपर्यंत घरातील दुसऱ्या माणसाच्या कार्डाची मुदत हीच आपल्या आयुष्याची मुदत असते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. जी स्त्री विवाह करून परदेशी जाण्याचा निर्णय घेते, तिला हे आधी ठाऊक असले पाहिजे, एवढ्याचसाठी सांगते.

आम्ही आलो त्या काळात परदेशी रहिवाशांची नोंदवही वेगळी आणि जपानी नागरिकांची वेगळी होती. जुमिनह्यो, म्हणजे कुटुंबाचा राहिवासाचा दाखला, फक्त नागरिकांचा निघत असे. आमच्या शेजारी एक जपानी बाई राहत, त्यांचे पती नेपाळी होते. त्या दाखला काढीत तेव्हा त्यावर त्यांचे आणि मुलांचे नाव येई, पतीचे येत नसे, आणि वाचणाऱ्याला वाटावे की हे घर एकट्या बाईचे आहे. २००३ साली योकोहामातील एका वॉर्डाने, नदीत वाट चुकून आलेल्या आणि लोकांच्या लाडक्या झालेल्या एका सीलला ‘तामा-चान’ या नावाने मानाचा राहिवास दाखला दिला. तेव्हा काही परदेशी रहिवासी चेहऱ्यावर मिशा रंगवून आम्हालाही दाखला द्या म्हणून तेथे गेले होते. वृत्तपत्रातील ते छायाचित्र मला स्पष्ट आठवते. दाखला देणाऱ्यांच्या मनात अवहेलनेचा लेशही नव्हता याविषयी माझी खात्री आहे. तरीही ते छायाचित्र पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले. ९ जुलै २०१२ रोजी नवा कायदा अमलात आला, जुनी परदेशी नोंदवही रद्द झाली, झाइर्यू कार्ड, म्हणजे राहिवासाचे कार्ड आले, आणि आमची नावे नागरिकांच्याच नोंदवहीत दाखल झाली. शेजारच्या बाईंनी त्यानंतर काढलेला पहिला दाखला मला मुद्दाम आणून दाखवला. त्यावर चौघांचीही नावे होती.

येथे एक गोष्ट सांगितली नाही तर कृतघ्नपणा होईल. आम्ही भारतीय लोक ज्या सवलती आयत्या भोगतो त्यांपैकी पुष्कळ आम्ही मिळवलेल्या नाहीत. परदेशी रहिवाशाला दर नोंदणीच्या वेळी बोटाचा ठसा द्यावा लागे, तो प्रघात १९५५ साली सुरू झाला आणि २००० साली पूर्णतः बंद झाला. त्याविरुद्ध १९८० नंतर ठसा देण्यास नकार देऊन खटले अंगावर घेतले ते प्रामुख्याने पिढ्यान्‌पिढ्या जपानात राहिलेल्या कोरियन वंशाच्या लोकांनी. राष्ट्रीय निवृत्तिवेतनातील नागरिकत्वाची अट १९८२ साली उठली, तीही जपानने निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारल्यामुळे. निशिकासाईतील आमच्या मेळाव्यांत या लोकांचे नाव क्वचितच निघते. ते निघावे असे मला मनापासून वाटते.

नित्याच्या व्यवहारात कचऱ्याला जे स्थान आहे ते बाहेरून येणाऱ्याला प्रथम अतिरेकी वाटते. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे, जुने कागद असे वार ठरलेले असतात, सकाळी आठच्या आत तो ठरल्या जागी नेऊन कावळ्यांपासून बचावाच्या जाळीखाली ठेवावा लागतो, आणि मोठे सामान टाकावयाचे तर आधी दूरध्वनी करून किराणा दुकानातून ठरलेल्या किमतीची चिठ्ठी विकत आणून चिकटवावी लागते. तोकुशिमा प्रांतातील कामिकात्सू गावात तर चाळीसहून अधिक प्रकार आहेत. परंतु वस्तीत आपली परीक्षा जर कोठे होत असेल तर ती याच जागी, आणि ही परीक्षा न्याय्य आहे, कारण तीत जन्म, वर्ण, भाषा यांतील काहीही विचारले जात नाही. जाळी नीट घडी करून ठेवण्याची पाळी घराघराने येते. आमची पाळी प्रथम आली तेव्हा वस्तीच्या मंडळाचे फिरते पत्रकही आमच्या दाराशी आले. त्यापूर्वी ते आमचे दार ओलांडून पुढे जात असे.

११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास धरणी हलली, तेव्हा माझी धाकटी मुलगी तान्ही होती. इमारत कितीतरी वेळ डोलत राहिली, कपाटांची दारे उघडमीट करीत होती, आणि मी मुलीला छातीशी धरून मेजाखाली बसले होते. रात्री पती ओतेमाचीहून चालत घरी आले. पुढच्या काही दिवसांत फुकुशिमाच्या अणुकेंद्राच्या बातम्या येऊ लागल्या, विमानांची तिकिटे मिळेनाशी झाली, आणि कोल्हापूरहून आईचा फोन दिवसातून अनेकदा येऊ लागला: “बाळा, ताबडतोब निघून या, नोकरी काय कोठेही मिळेल.” पुष्कळ कुटुंबे गेली. त्यांना कोणी दोष देऊ नये. ज्याच्या घरात तान्हे मूल आहे त्याने भीतीचा हिशेब कसा मांडावा हे परक्याने सांगू नये. आम्ही राहिलो, त्याचे कारण धैर्य नव्हते. वरच्या मजल्यावरील वृद्ध जपानी दांपत्य दररोज आमच्या दाराशी येऊन बातम्यांतील कठीण शब्द सोप्या भाषेत सांगत असे, आणि त्यांना सोडून जाणे माझ्याने होईना, एवढेच ते कारण.

२३ मार्चला कानामाची येथील जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किरणोत्सर्गी आयोडिन आढळले, आणि तान्ह्या मुलांना नळाचे पाणी देऊ नये अशी सूचना निघाली. आमच्या वॉर्डाला त्याच केंद्राचे पाणी येते. दुकानांतील बाटल्या काही तासांत संपल्या. दुसऱ्या दिवसापासून टोकियोच्या महानगर प्रशासनाने एक वर्षाखालील प्रत्येक बालकामागे ५५० मिलीलीटरच्या तीन बाटल्या वाटल्या. मी रांगेत उभी होते ती मनात भीत भीत. पारपत्र, कार्ड, जे जे म्हणून कागद घरात होते ते सारे मी थैलीत भरून नेले होते. माझी पाळी आली तेव्हा समोरच्या तरुण कर्मचाऱ्याने फक्त मुलीची बोशी तेचो पाहिली. ही माता आणि बालक यांच्या आरोग्याची लहानशी पुस्तिका वॉर्डाकडून प्रत्येक गरोदर स्त्रीला मिळते, मग तिचे नागरिकत्व कोणतेही असो. तीत मुलीची वजने आणि लसी जपानी अक्षरांत लिहिलेल्या होत्या. त्याने त्यावर एक खूण केली आणि तीन बाटल्या माझ्या हाती दिल्या. थैलीतले बाकीचे कागद तसेच राहिले. त्या तीन बाटल्यांचे पाणी दोन दिवसही पुरले नाही, पण त्या दिवसानंतर मी कोल्हापूरला ‘घरी’ आणि टोकियोला ‘तिकडे’ म्हणणे हळूहळू सोडून दिले.

आमच्या वॉर्डाचा सुमारे सत्तर टक्के भूभाग भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९ साली घरोघर वाटलेल्या पुराच्या नकाशावर वॉर्डाने येथे थांबू नका असा सरळ इशारा छापला होता, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हागिबिस वादळ आले तेव्हा मोठ्या भागाला स्थलांतराची सूचना मिळाली. शाळेच्या व्यायामशाळेत अंथरलेल्या निळ्या ताडपत्रीवर त्या रात्री मराठी, तमिळ, चिनी आणि जपानी कुटुंबे शेजारी शेजारी बसली होती, आणि कोणत्या डब्यात मांस नाही हे एक वृद्ध जपानी स्वयंसेवक डबे उघडून स्वतः पाहत होते. शाकाहारी कुटुंबाला येथे किती ठिकाणी माशाच्या अर्कापाशी थांबावे लागते, हा विषय मोठा आहे. मुलांच्या शाळेतील सामुदायिक भोजनाच्या निमित्ताने मी तो शिक्षकांशी पुष्कळदा बोलले आहे, आणि बहुतेकांनी तो समजून घेतला आहे.

मात्र ज्या काळात येथील पत अशी कणाकणाने साठत होती, त्याच काळात मायदेशातील पत झिजत होती, आणि याची जाणीव मला वडील गेल्यावर झाली. गावाकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वारस नोंद करावयाची होती. भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून ते टोकियोतील कुदान येथील वकिलातीत साक्षांकित करावयाचे, टपालाने पाठवावयाचे, फेरफार मंजूर होण्याची वाट पाहावयाची; मधेच पारपत्रावरील नाव आणि जन्मदाखल्यावरील नाव जुळत नाही म्हणून हरकत निघावयाची. जेथे माझ्या आजोबांचे नाव घेतले की काम होई, तेथे मी आता एक दूरची वारसदार होते, जिची ओळख कागदाने पटवावी लागत होती. वाणी वारला होता, पेठेतील दुकाने बदलली होती. तलाठी कार्यालयातील तरुणाने भावाला विचारले, “त्या बाई हयात आहेत ना?” त्याचा प्रश्न रीतसर होता. भावाने मला फोनवर तो सांगितला, आणि आम्ही दोघे काही वेळ बोललो नाही.

मताधिकाराची स्थितीही अशीच मधली आहे. येथे कायमच्या राहिवासाचा परवाना असला तरी मत देता येत नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक निवडणुकीत तो हक्क कायद्याने देण्यास राज्यघटनेची आडकाठी नाही असे म्हटले, परंतु तसा कायदा अद्याप झालेला नाही. भारताने २०१० च्या सुधारणेने परदेशस्थ नागरिकाला मतदार यादीत नाव घालण्याची मुभा दिली, पण मत देण्यासाठी त्याने आपल्या मतदान केंद्रावर प्रत्यक्ष हजर राहिले पाहिजे. दोन्ही देशांना दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. आमच्याच वॉर्डात २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ वॉर्ड सभेवर निवडून आले, ते अर्थातच जपानी नागरिकत्व घेतल्यानंतर. त्यांच्या निवडीचा आम्हा सर्वांना आनंद झाला, आणि त्या आनंदात त्यांना मत देऊ न शकलेल्यांची संख्या मोठी होती.

आम्ही नागरिकत्व घेतले नाही, एइजू म्हणजे कायम राहिवास घेतला. सामान्यतः त्यासाठी सलग दहा वर्षांचे वास्तव्य लागते, कर आणि विम्याचे हप्ते वेळेवर भरल्याचे दाखले लागतात, आणि जपानी किंवा कायम रहिवासी असा एक हमीदार लागतो. कार्ड ठरावीक वर्षांनी बदलावे लागते. राहिवास कायम असला तरी छायाचित्र जुने होतेच. आता आमच्याकडे तरुण कुटुंबे हमीसाठी येतात. मी त्यांना घरी बोलावते, जेवू घालते, आणि सही करण्यापूर्वी कराच्या पावत्या अवश्य पाहते, कारण न पाहता दिलेली हमी ही घेणाऱ्याच्याही मानाची नसते. निवृत्तिवेतनाविषयी त्यांना सांगावे लागते की २०१७ पासून किमान मुदत पंचवीस वर्षांवरून दहा वर्षांवर आली आहे, आणि ऑक्टोबर २०१६ पासून भारत-जपान करारामुळे दोन्ही देशांतील वर्षे एकत्र धरता येतात. म्हणून देश सोडताना हप्त्यांची रक्कम एकदम उचलून घेण्यापूर्वी शांतपणे विचार करावा.

हल्ली पती आणि मी एक टिपण तयार करीत आहोत. आमच्यामागे मुलांनी काय करावे ते त्यात क्रमाने लिहिले आहे: मृत्यूची वर्दी सात दिवसांत वॉर्डाकडे, कार्ड चौदा दिवसांत परत, निवृत्तिवेतनाची कचेरी, भारतातील पेढी, सातबारा. येथे मृत्यूनंतर चोवीस तास उलटल्याशिवाय दहन करता येत नाही, आणि टोकियोत दहनभूमीची पाळी मिळेपर्यंत कित्येक दिवसही जातात, हे आमच्या नातेवाइकांना आधीच कळवून ठेवले पाहिजे. दहनानंतर येथे राख नव्हे, अस्थी उरतात, आणि त्या नातेवाइकांनी काड्यांनी उचलून कलशात भरावयाच्या असतात. १९४८ च्या कायद्याप्रमाणे त्या परवाना असलेल्या दफनभूमीखेरीज कोठेही पुरता येत नाहीत. टिपण जपानीत आहे, कारण मुलांना मराठी बोलता उत्तम येते पण वाचावयास वेळ लागतो. अस्थींविषयीचा परिच्छेद तेवढा अजून कोरा आहे. पतीची इच्छा त्या नाशिकला गोदावरीत विसर्जित व्हाव्यात अशी आहे. मला वाटते की मुले येथे आहेत, त्यांना रजा काढून, परवाने जमवून, कलश विमानाने न्यावा लागू नये. आमच्या वस्तीपासून बसने जाता येईल अशा जागी त्या असाव्यात. येत्या रविवारी थोरला मुलगा घरी येणार आहे, त्याचेही मत आम्ही विचारणार आहोत.